चार पावलांवरची बॅग

मी एक जुनी बॅग आहे. काळ्या कापडाची, दोन चाकांची, त्यातलंही एक आता वितळून गेलंय. मित्रांनो म्हणते तुम्हाला, पण मान माझा आजीचाच आहे. तेव्हा नीट बसा आणि पाय हलवू नका. एक गोष्ट दोनदा सांगायची मला सवय नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आईबाप कोण ते विचारू नका. एका बाईनं माझी चेन शिवली, दुसरीनं हँडल बसवलं, आणि शेवटी एका माणसानं पोटावर थाप मारून मला पुढं ढकललं. एवढंच माझं बारसं. शाळा मी पाहिली नाही. जी काही अक्षरओळख झाली ती विमानतळावर गळ्यात बांधलेल्या पट्ट्यांवरून. कुठून आणि कुठे, तेवढं मला वाचता येतं. त्याहून जास्त वाचायची गरज मला तरी कधी पडली नाही.

मला विकत घेतलं मुलुंडच्या रुचिरानं. बावीस वर्षांची होती आणि विमानात नुकतीच नोकरीला लागली होती. कोणी हवाई सुंदरी म्हटलं की ती नाक मुरडायची. "क्रू म्हणा," ती सांगायची. तिची आई सुगंधाबाई मात्र जिन्यात भेटेल त्याला थांबवून "आमची रुचिरा एअर होस्टेस" म्हणायची. समोरच्यानं ऐकलं नसेल तर पुन्हा म्हणायची.

सुरुवातीची वर्षं काय थाटाची होती. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवरून आम्ही सहा जणी एका रांगेत निघायचो. म्हणजे सहा मुली आणि त्यांच्यामागे आम्ही सहा बॅगा. लोक वळून बघायचे. ते मुलींना बघत होते असं रुचिरा म्हणेल. म्हणू दे. माझ्या पोटात इस्त्रीचा एक गणवेश, लाल रुमाल, जादा मोजे आणि परक्या गावच्या हॉटेलातल्या फिक्या भातावर घ्यायला मेतकुटाची पुडी असायची. पुडीचा वास रुमालाला लागायचा म्हणून ती रोज चिडायची, आणि रोज पुडी घ्यायची.

लोकांना वाटतं, या मुली विमानात हसायला आणि चहा द्यायला असतात. अरे, चहा काय कोणीही देईल. वर्षातून एकदा त्यांची परीक्षा असते. विमानाला आग लागली तर दीड मिनिटात सगळी माणसं बाहेर कशी काढायची, याची. त्या परीक्षेच्या आधी रुचिरा घरी आरशासमोर उभी राहून ओरडायची, "सामान छोडो, इधर आओ." पुन्हा पुन्हा तेच. सुगंधाबाई स्वयंपाकघरातून म्हणायची, "हळू गं. खालच्या तेजलला वाटेल आपण घर खाली करतोय."

मी कोपऱ्यात उभी असायचे. सामान छोडो. मला ते झोंबायचं. ज्या मुलीचा संसार मी गावोगाव वाहिला, तिनं माझ्यासमोर असं शिकावं? पण बोलणार कोणाला.

अशी चौदा वर्षं गेली. माझे कोपरे झिजले, तिचे पाय सुजले. पाय दुखतात हे सगळ्यांना कळतं. हसून हसून गाल दुखतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. घरी आली की ती पलंगावर आडवी पडून गालांना तेल चोळायची. एकदा कंपनीचं चार ओळींचं पत्र आलं. करार संपला, नवा करायचा नाही. रुचिरानं ते वाचलं आणि गणवेश माझ्यात घडी करून ठेवला. मग तिनं मला माळ्यावर चढवलं. शेजारी गणपतीचं मखर होतं. त्याला निदान वर्षातून एकदा खाली उतरवायचे. मला तेवढंही नाही.

पण माळ्यावर कान बंद होत नाहीत. घरातलं सगळं मला ऐकू यायचं.

काही महिन्यांनी रुचिरा घराजवळच्याच एका केंद्रात कामाला लागली. मुलं-सुना कामावर गेल्या की म्हातारी माणसं दिवसभर कुठं बसणार? ती तिथं येऊन बसायची. पहिल्या मजल्यावर दोन मोठ्या खोल्या, अकरा आजी-आजोबा, आणि चालवणाऱ्या उत्तराताई. सुगंधाबाईला ते मुळीच रुचलं नाही. "चौदा वर्षं आकाशात होतीस. आता काय, लोकांच्या सासवांना भरवणार?"

"तिथंही लोकांच्या सासवाच होत्या गं," रुचिरा म्हणाली. "फक्त पट्टा बांधून बसलेल्या."

बोलायला खमकी, पण काम तिला जमेना. पहिल्याच दिवशी तिनं उत्तराताईंना विचारलं, मागचं दार कुठंय? दार होतं. स्वयंपाकघरातून गल्लीत उतरणारा लोखंडी जिनाही होता, पण दारापुढं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत आणि वर कुलूप. "उंदीर येतात," उत्तराताई म्हणाल्या. रुचिरानं खुर्च्या हलवल्या, कुलूप काढायला लावलं, दारापर्यंत किती पावलं होतात ते मोजलं. "आल्या आल्या घर आवरायला निघालीय ही," असं उत्तराताई कोणाला तरी म्हणाल्या. तिनं ते ऐकलं.

मग ते हसणं. नंदकुमार काका म्हणून एक जण होते, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी एकदा आपली बायको कशी गेली ते तिला सांगितलं. सांगता सांगता थांबले. "यात हसण्यासारखं काय आहे?" रुचिराला पत्ताच नव्हता की आपण हसतोय. हातात ट्रे आला की तिचे गाल आपोआप वर जायचे. चौदा वर्षांची सवय. त्या संध्याकाळी ती आईजवळ बसून म्हणाली, "मला आता दुसरं काही येतच नाही बहुतेक. रडणाऱ्या माणसासमोर मी दात काढून उभी राहते."

"मग जिथं दात काढायचे पैसे देतात तिथं जा," सुगंधाबाई म्हणाली. तोंडानं फटकळ बाई. पण पोरीचे गाल तीच चोळत होती.

तशात दुसऱ्या एका विमान कंपनीचा फोन आला. अनुभवी मुली हव्या आहेत, बुधवारी तीन वाजता अंधेरीत मुलाखतीला या. मला माळ्यावरून उतरवलं. सुगंधाबाईनं स्वतः ओल्या फडक्यानं पुसलं. पोटात इस्त्रीचे कपडे, उंच टाचांचे बूट, पासपोर्ट, चौदा वर्षांची प्रमाणपत्रं. खोटं कशाला बोलू, माझ्या चाकांना पालवी फुटली होती. आता जुहूच्या वरून भरारी घ्यायची, खाली समुद्र बघायचा. सुटले त्या मखराच्या शेजारातून.

बुधवारी रुचिरा मला घेऊनच केंद्रात गेली. अर्धा दिवस काम करायचं आणि तिथूनच अंधेरी गाठायची. उत्तराताईंना तिनं काही सांगितलं नव्हतं. मला पुढच्या खोलीत भिंतीशी उभं केलं. नंदकुमार काकांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. बँकेतला माणूस, कोण खातं बंद करायला आलंय ते त्याला बरोबर कळतं.

साडेअकरा झाले असतील. सगळे खुर्चीत बसून हात वर-खाली करायचा व्यायाम करत होते. उत्तराताई औषधं आणायला गेल्या होत्या. आणि पुढच्या दाराखालून धूर आत आला. खाली, जिन्याच्या तोंडाशीच, इमारतीची मीटरची खोली होती. तिथं काहीतरी पेटलं होतं.

आता बघा, आपली माणसं काय करतात. धूर दिसला की बाहेर पळायचं, हे सगळ्यांना कळतं. पण बाहेर जायचं म्हणजे आधी चपला घालायच्या. आणि चपला सगळ्यांनी काढलेल्या पुढच्या दाराशी. अकराच्या अकरा जण उठले आणि धुराच्याच दिशेनं निघाले. कोणी वाकून जोड शोधतंय, कोणी दुसऱ्याच्या घालून पुन्हा काढतंय. मालनआजी तर खालीच बसल्या. मालवणकडच्या, नव्वदीला टेकलेल्या, मुलानं आणलेला नवा जोड शोधत. "गो चेडवा, माझी चपला खंय गेली? झिलान नवी आणल्यान हा."

"आजी, चपला राहू देत. मागच्या दारानं चला," रुचिरा म्हणाली. गोड आवाजात, हसत. कोणी ऐकलं नाही. जे हसून सांगितलं ते कोण मनावर घेतं?

मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलेलं मी पाहिलं. गाल खाली आले. चौदा वर्षांत असा चेहरा मी फक्त आरशात पाहिला होता, त्या परीक्षेच्या आधी. ती पुढच्या दाराला पाठ लावून उभी राहिली, दोन्ही हात आडवे केले, आणि तिचा आवाज फुटला. "सामान सोडा. चपला सोडा. माझ्याकडे बघा आणि मागच्या दाराकडे चला."

सगळे थबकले. नंदकुमार काका तेवढे अडले. "माझ्या पिशवीत गोळ्या आहेत. आणि तुम्ही सांगताय कोणाला? तुमची बॅग तर भरून तयार ठेवलीय."

रुचिरानं माझ्याकडं पाहिलं. एक क्षणसुद्धा नाही. मग पायानं मला ढकललं. मी घरंगळत पुढच्या दाराशी, त्या चपलांच्या ढिगात जाऊन आडवी पडले. "ही बघा माझी," ती म्हणाली. "राहिली. आता चला काका."

आणि ते चालू लागले. त्यांच्यामागे बाकीचे. मालनआजींना तिनं पाठुंगळी घेतलं. त्या तिच्या कानात चपलांचं गाऱ्हाणं गात होत्या. मागच्या जिन्यावर अनवाणी पायांचे आवाज ऐकू आले, एकामागून एक. मी मोजले. ते सगळे उतरले.

रुचिरा पुन्हा वर आली. हा तिच्या कामाचा नियम. शेवटी एकदा फिरून बघायचं, कोणी राहिलं का. दोन्ही खोल्या, संडास, पडद्यामागं. तोंडावर ओढणी धरून ती माझ्यापासून चार पावलांवर उभी राहिली. माझ्यात तिचा पासपोर्ट होता, तीन वाजताची मुलाखत होती, तिची चौदा वर्षं होती. चार पावलं म्हणजे काय असतं? तिचा हात जरासा पुढं झाला. मी पाहिला. मग तो हात मागं गेला, आणि ती वळली. मागचं दार ओढल्याचा आवाज आला.

मित्रांनो, मी रागावले का? रागावले. माझं चाक वितळत होतं आणि मी तिला शिव्या घालत होते. मग धूर दाट झाला, आणि एकाएकी मला लख्ख कळलं. इतकी वर्षं ती आरशासमोर जे घोकत होती ते हेच. मला वाटायचं ती मला सोडायला शिकतेय. ती माणसांना धरायला शिकत होती.

बंबवाले आले, पाणी मारलं. खालची खोली जळली, वरचं पुढचं दार काळं पडलं. माणूस एकही दुखावला नाही. मला गल्लीत आणून टाकलं तेव्हा दोन वाजले होते. सुगंधाबाई धावत आली. "तोंड धू आणि रिक्षात बस. कागद ओले झालेत, जळलेले नाहीत. पोचशील अजून."

रुचिरा पायरीवर बसली होती, मांडीवर मालनआजींचे पाय. त्या पायांना लागलेला गंज ती पुसत होती. "आई," ती न हसता म्हणाली, "आधी यांना चपला बघ कुठं मिळतायत का."

सुगंधाबाईनं तिच्याकडं पाहिलं, अकरा जोडी अनवाणी पायांकडं पाहिलं, आणि पदर खोचून बाजाराकडं निघाली. अंधेरीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

आता मी मागच्या जिन्याच्या खाली, पायरीशी उभी असते. माझ्या पोटात अकरा जोड रबरी चपला आहेत, म्हणजे कोणी शोधत बसणार नाही. जिथं लाल रेशमी रुमाल असायचा तिथं आता आठ नंबरचा अंगठा. माझ्यासारखीनं हे दिवस बघावेत. महिन्यातून एकदा रुचिरा वरून ओरडते आणि सगळे रिकाम्या हातांनी खाली येतात. नंदकुमार काका स्वतःची वेळ घड्याळात बघतात. मालनआजी माझी चेन उघडून आपला जोड आहे ना, ते रोज तपासतात. माझ्यावर विश्वास नाहीच बाईचा.

जमलं तर सामान नीट वापरा, चेन हिसकू नका, ओलं ठेवू नका, कामाचं झालं नाही म्हणून माळ्यावर कोंबू नका. पण कधी धूर दिसला, तर आमच्याकडं वळून बघू नका. शेजारच्याचा हात धरा आणि जा. आम्ही सामान आहोत. आम्हाला थांबायची सवय आहे.