तीस नंबरचं ऑइल

केरबाने सेल्फ मारला, गाडी धडधडली, आणि मागच्या नळीतून धूर आलाच नाही. ओसरीवर चहाची बशी तोंडाला लावून बसलेल्या लालासाहेबांनी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपलं आणि बशी सावकाश रिकामी केली. शेजारी माण तालुक्यातून आलेला धुळा बसला होता. त्याची मेंढरं होती, भाऊ मुंबईला होते, आणि बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर सगळ्यांनी मिळून एक जुनी गाडी घ्यायचं ठरवलं होतं. ती बघायला तो भल्या सकाळी कुंडलला येऊन ठेपला होता.

ही माल वाहायची डिझेलची गाडी लालासाहेबांनी उमेदीत घेतली आणि त्याच वर्षी पलटणीतून सुटून आलेला केरबा तिच्यावर ड्रायव्हर म्हणून बसला. तेव्हापासून कुंडलचा गूळ सांगलीच्या पेठेत न्यायचा तो त्यानेच. गाडीत काय घालायचं हे मालकाने कधी ठरवलं नाही. केरबा ऑइलची पातळी बघायची पट्टी काढायचा, दोन बोटांत चोळायचा, नाकाशी धरायचा आणि मगच बोलायचा. थंडीत पातळ तीस नंबर, उन्हाळ्यात जरा जाड चाळीस, त्यात बदल नाही. सांगलीच्या दुकानदाराने नव्या मालाची कितीही तारीफ केली तरी हा आपला डबा उचलून चालू लागे. लालासाहेब चारचौघांत त्याची टर उडवत, ‘आमच्या गाडीची सासू’ म्हणत. पण असा माणूस आपल्या दारी आहे याचा त्यांना भारी अभिमान होता.

आता गाडी म्हातारी झाली होती. सुरू होताना आवाज करायची आणि निळा धूर सोडायची. नव्या गाडीचा नंबर लागला होता, ‘तिच्यावरही तूच’ असा शब्द लालासाहेबांनी दिला होता, आणि त्या भरवशावर केरबाने नवी खाकी शिवूनही घेतली होती. जुनीला चांगली किंमत आली की झालं. म्हणून आदल्या दिवशी लालासाहेबांनी त्याला सुचवलं, की पन्नास नंबरचं जाड ऑइल घाल, धूर बसतो म्हणतात. केरबा म्हणाला, आपल्या गाडीला थंडीत तीस लागतं, आणि काच पुसायला निघून गेला. मालकाला राग आला. गाडीचा धनी मी की हा? त्यांनी केरबाला काहीतरी काम काढून पलूसला पाठवलं आणि मागे एका गॅरेजवाल्याला बोलावून आपल्या मनासारखं करून घेतलं.

धुळा खूश झाला होता. जनावराची पाठ थोपटावी तशी गाडीचे पत्रे थोपटत तो तिच्याभोवती फिरला. केरबा मात्र इंजिन चालू ठेवून आत तिचा आवाज ऐकत बसून होता. बऱ्याच वेळाने त्याने ते बंद केलं, खाली उतरून पट्टी ओढली, बोटांत ऑइल चोळलं आणि मालकाकडे एकदा पाहिलं. लालासाहेब समोरच्या लिंबाकडे बघत राहिले.

केरबाने पाना घेतला, घमेलं घेतलं आणि तो गाडीखाली शिरला.

"केरबा, काय करतोयस रं?"

ऑइलच्या चेंबरचा नट सुटला आणि काकवीसारखं जाड ऑइल घमेल्यात पडू लागलं. लालासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. केरबा बाहेर आला तो थेट धुळ्यासमोर उभा राहिला.

"ह्यात जाड ऑइल पडलंय. त्येनं धूर दबतोय, आवाज दबतोय. पर थंडीत सकाळच्या पारी ते वर चढंस्तवर आतली बेरिंगं कोरडी फिरत्याल. तुमच्या माणात गाडी दोन म्हैनंबी टिकायची न्हाई."

कुणी घातलं ते तो बोलला नाही. लालासाहेबांना तेच जास्त लागलं.

धुळा दोघांकडे बघून खो खो हसत सुटला. "आवं मालक, आमीबी बाजाराच्या दिशी मेंढ्यास्नी मीठ चारतो न् पोटभर पाणी पाजतो की. मेंढी कशी टुमटुमीत दिसती. गिऱ्हाइकाला कळतंय घरी गेल्याव."

लालासाहेबांना हसावं की रडावं कळेना. केरबाने तोवर आपल्या डब्यातलं तीस नंबर ओतलं होतं. गाडी सुरू झाली, खडखडली, आणि धुराचा लोट ओसरीवर आला.

"ही अशी हाय," केरबा म्हणाला. "हिला हिचंच ऑइल द्या. लय दिस चालंल."

धुळ्याने घासाघीस करून किंमत बरीच पाडली, पण गाडी घेतली. निघताना तो भीतभीत म्हणाला, की गाडी चालवणारं घरात कुणी नाही, ओळखीचा ड्रायव्हर असला तर सांगा. लालासाहेब मघापासून आत धुमसत होते. ते म्हणाले, "ह्यालाच घिऊन जावा. मला नको."

त्यांना वाटलं, केरबा गयावया करील, निदान घुटमळेल. केरबाने खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांना वाकून नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसला. गाडी वळणाआड गेली तरी लालासाहेब रस्त्यावर रेंगाळणारा धूर बघत उभे होते.

नवी गाडी आली. तिच्यावर कृष्णात नावाचा तरणा ड्रायव्हर बसला. पोरगा चांगला होता. ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा त्याने विचारलं, "मालक, पंपवाला एक सांगतोय, गॅरेजवाला दुसरंच. जाड घालू काय?"

एवढं साधं कळत नाही का, म्हणून लालासाहेब त्याच्यावर खेकसणार होते, आणि तिथेच थांबले. त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं गाडीचे मालक म्हणून मिरवले, पण हे ठाऊक असण्याची गरजच पडली नव्हती. "हात लावू नगंस," ते म्हणाले. "मी इचारून येतो."

दुसऱ्या दिवशी लालासाहेब एसटीने विट्याला गेले आणि तिथून माणातल्या दहिवडीची गाडी धरली. आयुष्यात एसटीत उभ्याने प्रवास केला नव्हता, तोही झाला. धुळ्याच्या वाडीत पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. गाडी बाभळीखाली उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. त्यांनी ते लांबूनच ओळखले.

धुळा हाक मारायला पुढे झाला. लालासाहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"त्येचं काम हू दे," ते म्हणाले, आणि डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर घेत तिथल्याच एका धोंड्यावर बसून राहिले.