एकाच मीटरवर

हंदोकोची गाडी अंगणात शिरली ती इतकी गुपचूप, की वागिनेमला कळलं ते कोंबड्यांची पळापळ ऐकून. हातातलं केळीचं पान तसंच टाकून ती बाहेर धावली. ईद दोन दिवसांवर होती. जकार्ताजवळ बेकासीच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला तिचा मुलगा बायकोला घेऊन जावातल्या वोनोगिरीच्या डोंगरातल्या घरी आला होता, आणि तोही स्वतःच्या गाडीतून. ईदला गावात येणाऱ्या निम्म्या गाड्या भाड्याच्या असतात. सगळ्यांना ते माहीत असतं, विचारत कुणी नाही. ही मात्र भाड्याची नव्हती. फिकट हिरवी, ठेंगणी, विजेवर चालणारी, आणि मागच्या काचेवर दुकानातली चिकटपट्टी अजून तशीच.

वागिनेमचा नवरा सुकार्तो दाराच्या खांबाला धरून उभा राहिला. उभं आयुष्य त्याने जकार्ताची रात्रीची बस चालवली होती. मुलाची हाक कानावर पडताच त्याने नाकातली नळी काढून उशीखाली सारली होती आणि मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं होतं. त्या खोलीत प्राणवायूचं यंत्र होतं. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी वागिनेमला बाजूला घेऊन बजावलं होतं, "रात्रभर चालू राहायला हवं हे. एकही रात्र चुकवायची नाही. डिझेलचा धूर आणि लवंगेच्या सिगारेटी, दोघांनी मिळून फुप्फुसं पार खाऊन टाकलीयत. यंत्र नसेल तर कुठल्या रात्री श्वास थांबेल, सांगता यायचं नाही."

हे मुलाला सांगायला सुकार्तोने तिला मनाई केली होती. "वर्षातून चार दिवस येतो पोरगा. आजाऱ्याच्या भेटीला नाही येत तो."

अंगणात गर्दी जमायला वेळ लागला नाही. शेजारच्या लिक पारमिनने, म्हणजे पारमिनकाकाने, गाडीभोवती बैल पारखावा तशी चक्कर मारली.

"काय रे हंदोको, हिला चारा काय घालतोस?"

"वीज, लिक. रात्री भिंतीतल्या प्लगला लावायची, सकाळी तयार."

"आणि वाटेत संपली म्हणजे?"

"मग ढकलायला तुम्ही आहातच की."

सगळे हसले. हंदोको रंगात आला. बेकासीपासून इथवरची वीज म्हणजे लिकच्या आठवड्याच्या सिगारेटींपेक्षा स्वस्त. तेल बदलणं नाही, फिल्टर नाही, काही नाही. एकदा भरली की कागदावर तीनशे किलोमीटर. डोंगर, एसी आणि मागे बसलेली मंडळी धरून दोनशे म्हणा. वाटेत दोनदा चार्जरच्या रांगेत चटई टाकून बसावं लागलं, सगळा दिवस त्यातच गेला, हे मात्र त्याने जरा भरभर सांगितलं. सुकार्तो खांबाला टेकून ऐकत होता, आणि एखाद्याने त्याचंच कौतुक मांडावं तसा त्याचा चेहरा फुलला होता.

संध्याकाळी हंदोकोने खिडकीतून जाड वायर आत घेतली आणि स्वयंपाकघरातल्या प्लगला लावली. क्षणात घर अंधारलं. मीटरचा खटका पडला होता. डोंगरातल्या घराला मोजकीच वीज मिळते. तिच्यात भाताचा कुकर, पंप, दिवे आणि मागच्या खोलीतलं यंत्र कसंबसं भागत होतं. त्यावर गाडी म्हणजे अतीच झालं.

"बापक, घरात काय काय चालू आहे?" हंदोकोने बाहेरून विचारलं.

"पंप असेल," सुकार्तो म्हणाला. "थांब, मी बंद करतो."

तो मागच्या खोलीत गेला. यंत्राची घरघर थांबलेली वागिनेमला ऐकू आली. हंदोकोने खटका वर केला, दिवे लागले, आणि गाडीच्या नाकावरचा इवलासा हिरवा दिवा लुकलुकू लागला. "झालं!" तो म्हणाला.

उजाडलं तेव्हा सुकार्तो तीन उशांना टेकून बसलेला होता. ओठ जांभळट पडले होते. हंदोकोने गाडीचा प्लग काढला न काढला तोच तिने यंत्र सुरू केलं आणि नळी त्याच्या नाकात बसवली.

"आज मी त्याला सांगणार," ती म्हणाली.

"काय सांगशील? ईदच्या गर्दीत वीस किलोमीटर खाली शहरात जा आणि रांगेत उभा राहा?" एकेका शब्दासाठी त्याला थांबावं लागत होतं. "सगळा गाव म्हणेल, पोरगा स्वतःची गाडी घेऊन आला, आणि बापाच्या घरी... तिला घोटभर वीज मिळाली नाही."

"आणि तुमच्या घोटभर हवेचं काय?"

"उशा उंच लाव. बसमध्ये काय कमी रात्री बसून काढल्या मी? शब्द दे मला, बोलणार नाहीस."

तिने शब्द दिला. देताना तिला त्याचा इतका राग आला होता की हातातली नळी भिरकावून द्यावीशी वाटली.

शब्द मोडायचा नाही, पण आडून सुचवायला काय हरकत आहे, असं तिने स्वतःला समजावलं. दुपारी केतुपातच्या भातासाठी नारळाच्या पानांच्या पुड्या विणता विणता ती मुलाला म्हणाली, "ले, पोरा, शहरात वीज ऑफिसपाशी म्हणे मोठा चार्जर आहे. तासाभरात भरून देतो म्हणतात."

हंदोको हसला. "इबू, बिलाची काळजी करतेस ना? मला कळत नाही होय?" त्याने तिथल्या तिथे फोनवर विजेचे आगाऊ पैसे भरले आणि मिळालेले आकडे मीटरवर जाऊन दाबून आला. "आता महिनाभर या डबड्याकडे बघूसुद्धा नकोस. गाडी मी आणली, वीज मीच भरणार."

आणि वागिनेमने काय केलं? हसून आभार मानले. आमच्याकडे असंच असतं. सरळ बोलणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार आपटणं. म्हणून आई आडून सांगते, मुलगा भलतंच समजतो, आणि दोघंही एकमेकांशी अगदी गोड वागतात. या गोडपणाने आजवर किती माणसांचा जीव घेतला असेल, देव जाणे. वागिनेमला हे कळत होतं. कळूनही तोंड उघडेना, म्हणून ती दिवसभर पानांवर राग काढत राहिली.

त्या रात्रीही यंत्र बंद राहिलं.

ईदच्या सकाळी नमाजाहून परतल्यावर सुकार्तो वेताच्या खुर्चीत बसला. बाटिकचा नवा सदरा, टोपी, दाढी केलेली. हंदोको ईदच्या रिवाजाप्रमाणे गुडघ्यांवर सरकत सरकत आला आणि त्याने बापाच्या मांडीवर डोकं टेकवलं.

"बापक, कळत-नकळत माझ्या हातून जे काही चुकलं असेल ते पोटात घाला."

सुकार्तोने त्याच्या केसांवर हात ठेवला. "घातलं, ले. सगळं घातलं." एवढ्यानेच त्याला धाप लागली. बाप गहिवरला असं वाटून हंदोकोचे डोळे भरून आले. सून यायुकही मागे बसून डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे टिपत होती. खुर्चीमागे उभ्या वागिनेमला मात्र ओरडावंसं वाटत होतं, अरे पोरा, कसली माफी मागतोयस ते तरी विचार! मुलगा तिच्याही पाया पडायला वळला आणि तिने त्याला उठवून जवळ घेतलं.

मग भेटीगाठी सुरू झाल्या. मावशी डोंगरापलीकडे, सासुरवाडी पोनोरोगोला. चढावर गाडी वीज पाण्यासारखी पिते, म्हणून रोज संध्याकाळी वायर खिडकीतून आत यायची, आणि रोज सुकार्तो "पंप बंद करतो" म्हणून मागच्या खोलीत जायचा. त्याच्या पायांवर सूज चढली. यायुकच्या एकदा लक्षात आलं. "बसून बसून येते म्हातारपणी," तो म्हणाला आणि लुंगी खाली ओढली.

निघायच्या आदल्या दुपारी वागिनेमने मनाचा हिय्या केला. शब्द गेला खड्ड्यात. चहा घेऊन ती अंगणात आली, तर सुकार्तो गाडीच्या स्टिअरिंगमागे बसलेला. हंदोको शेजारी.

"बापक, नुसतं पाऊल ठेवा. गिअर नाही, क्लच नाही."

गाडी हलली. सुकार्तोने तिला मशिदीपर्यंत नेलं, वळवली, उतारावरून परत आणली. खिडकीची काच खाली, कोपर बाहेर, थेट बसमध्ये बसायचा तसा. कुंपणापाशी लिक पारमिन उभा होता. "अहो ड्रायव्हरसाहेब, एक वोनोगिरी द्या, खिडकीची जागा!" तो ओरडला. सुकार्तो इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली.

"वागिनेम," उतरल्यावर तो म्हणाला, "उतारावर पाय काढला ना, की ही परत वीज भरून घेते. फुकट! आमच्या बसला हे जमलं असतं तर मालक राजा झाला असता."

किती वर्षांनी त्याने तिला अशी नावाने हाक मारली होती. चहा निवला. सांगायचं तसंच ठेवून ती तो पुन्हा तापवायला आत गेली.

सकाळी हंदोकोने प्लग शेवटपर्यंत तसाच ठेवला. "वाटेत एक रांग तरी चुकेल," तो म्हणाला. पिशव्या भरल्या, टेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे, कुरकुरे भरले, निरोपाला शेजारी आले. बाप खुर्चीत बसून होता. मान पुढे, दोन्ही हात गुडघ्यांवर. सगळ्यांना वाटलं, मुलगा जायचा म्हणून जीव जड झालाय.

"पूर्ण शंभर!" हंदोको प्लग काढत म्हणाला. "बापक, सगळी ईद फिरलो, पण एका कोंबडीइतकाही खर्च आला नाही बघा!"

सुकार्तोने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तो खुर्चीतून पुढे कलंडला.

वागिनेम सगळ्यांच्या आधी पोचली. त्याचे ओठ आज जांभळट नव्हते, राखेसारखे होते. तिने यंत्र सुरू केलं, नळी लावली, पण छाती नुसती उडत होती, हवा आत जात नव्हती. "शहरात न्या!" लिक पारमिन ओरडला. पिशव्या भराभर अंगणात फेकल्या गेल्या. सुकार्तोला मागच्या सीटवर आडवं केलं, वागिनेमने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. यायुक मागेच राहिली, तिला जागा नव्हती. यंत्रही मागेच राहिलं, त्याला भिंतीतला प्लग लागतो.

गाडी डोंगर उतरू लागली. बसमध्ये असते तशी इंजिनाची घरघर नाही, गिअरचा खडखडाट नाही. सुकार्तोचा एकेक श्वास शिटीसारखा ऐकू येत होता, आणि दोन श्वासांमधली शांतताही.

"घाबरू नको इबू," हंदोको म्हणाला. "इथलं हॉस्पिटल नाही म्हणालं तर सोलोच्या मोठ्या हॉस्पिटलात नेऊ. पुढे कुठेही नेऊ. गाडी पूर्ण भरलेली आहे."

वागिनेमने समोरच्या पडद्याकडे पाहिलं. उतार होता, शंभराचा आकडा जागचा हलत नव्हता.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "त्यांनीच भरलीय ती."

"म्हणजे?"

"एका मीटरवर दोन्ही चालत नव्हतं, ले. तू गाडी लावलीस की ते आपलं प्राणवायूचं यंत्र बंद करायचे. रोज. पंप नव्हता तो."

हंदोकोने आरशात पाहिलं. तिला वाटलं, तो आता ओरडेल, का सांगितलं नाहीस म्हणून विचारेल. वळण आलं. त्याने पाय काढला, गाडी आपोआप हळू झाली, आणि मांडीवरच्या सुकार्तोने डोळे मिटूनच बोट किंचित हलवलं, वळण बरोबर घेतलंस अशा अर्थाने, किंवा नुसतंच.

हंदोकोने हात पुढे करून एसी बंद केला. वीज भरपूर होती, पण पंख्याच्या आवाजात बापाचा श्वास ऐकू येत नव्हता.