लक्षवेधी क्रमांक सात

लतिकाने डावीकडच्या पहिल्या रांगेपासून पुन्हा मोजायला सुरुवात केली. दोनशे अठ्ठ्याऐंशी सदस्यांच्या सभागृहात त्या वेळी एकेचाळीस जण होते. त्यांतले नऊ कागद चाळत होते, चौघे एकमेकांच्या कानाशी लागले होते, एकाने डोळे मिटले होते. मंत्र्यांच्या बाकांवर पाच. अध्यक्षांच्या आसनाखालच्या टेबलाशी सहा कर्मचारी, दोघे भराभर लिहून घेत होते. घड्याळात बारा वाजून एकतीस मिनिटं. आणि चौथ्या रांगेत, अगदी कडेला, आमदार शामराव. खरं म्हणजे तेवढे एकच मोजायचे होते. बाकीचे चाळीस तिने मनाला काहीतरी काम हवं म्हणून मोजले.

"मॅडम, कठड्यावर हात नको," मागून सुरक्षारक्षक हळूच म्हणाला.

तिने हात मांडीवर घेतले. प्रेक्षक गॅलरीत येताना खाली पर्स, पेन सगळं काढून घेतलं होतं. टाळी वाजवायची नाही, बोलायचं नाही, पायावर पाय टाकून बसायचं नाही, असं त्याचं सगळ्यांना एकदा सांगून झालं होतं.

अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. पुढचं अधिवेशन डिसेंबरात, नागपूरला. फणसवाडीतल्या त्यांच्या इमारतीकडे तेवढा वेळ आहे की नाही हे लतिकाला सांगता येत नव्हतं, पण तिच्या वहीत महिन्याभराहून जास्त दिवसांच्या नोंदी होत्या आणि त्यांचा आलेख काही सरळ रेषेत चालला नव्हता.

इमारत तीन मजल्यांची, बावीस बिऱ्हाडांची. मालक आणि भाडेकरूंचा दावा कोर्टात, त्यामुळे परवानगीशिवाय भिंतीला हात लावायची सोय नव्हती. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतली मुख्य तुळई जूनपासून भिंतीतून सुटायला लागली होती. लतिका दादरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने तड्याच्या दोन्ही कडांवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि रोज सकाळी साडेसहाला व्हर्नियर कॅलिपर लावून ती फट मोजायला लागली. शेजारी आधी हसले. वरच्या मजल्यावरची मॉड आँटी म्हणाली, "लती, भिंतीला ताप आलाय काय, रोज थर्मामीटर लावतेस?" मग महिनाभरात तीच रोज सकाळी जिन्यातून खाली वाकून आकडा विचारायला लागली. तिचा नवरा सिल्वेस्टर दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला होता, आणि त्याची खाट बरोबर त्या तुळईच्या वर होती. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर बसत नाही, हेही लतिकाने मोजून पाहिलं होतं.

तुळईखाली लोखंडी टेकू लागले की निदान पावसाळा निघेल. टेकूला सरकारी हुकूम लागतो. पाहणीला आलेल्या इंजिनिअरने सांगितलं होतं की बारा मिलिमीटरच्या पुढे फट गेली तर आठ दिवसांत टेकू द्यावेच लागतात, त्याच्या आत असेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. शामरावांनी लक्षवेधी सूचना दिली त्या दिवशी फट नऊ पूर्णांक सहा होती. मंत्र्यांच्या छापील निवेदनाची प्रत काल संध्याकाळी शामरावांच्या ऑफिसातून लतिकाला मिळाली. त्यात तोच आकडा होता. पुढे लिहिलं होतं, 'सदर रुंदी विहित मर्यादेत असल्याने तातडीने टेकू देण्याचा प्रश्न उद्भवत नाही.'

आज सकाळी फट बारा पूर्णांक चार होती.

तिने तीनदा मोजली होती. मग फोनवर फोटो काढला, व्हर्नियरवरच्या रेघा स्पष्ट दिसतील असा. शामरावांचा फोन बंद होता. त्यांच्या सहायकाने सांगितलं की साहेब थेट सभागृहात जातील, तुमचा एक पास तयार आहे, काही निरोप असेल तर आत चिठ्ठी पाठवा, शिपाई नेऊन देतो. सव्वादहाला तिने खालच्या खिडकीशी चिठ्ठी लिहिली. 'फट ९.६ नाही, आज सकाळी १२.४ मि.मी. आहे. निवेदनातला आकडा जुना.' तिथे थांबता आलं असतं. पण कुणी दिलेला आकडा न तपासता वापरायचा नाही, हे ती प्रयोगशाळेत प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी सांगायची. तिने खाली आणखी एक ओळ लिहिली होती. 'वापरण्यापूर्वी कृपया फोटो स्वतः पाहून खात्री करावी. फोटो बाहेर अभ्यागत कक्षात श्रीमती मॉड यांच्याजवळ आहे.' पास एकच होता, फोन आत नेता येणार नव्हता, म्हणून ही व्यवस्था. मॉड आँटी त्यासाठी तिचा निळा फुलांचा फ्रॉक घालून, डब्यात सँडविच घेऊन आली होती.

ही लक्षवेधी मिळवायला तीन आठवडे गेले होते. लतिकाचे वडील, हेमचंद्र, आयुष्यभर एका कचेरीत आवक-जावक बघत निवृत्त झालेले. ते म्हणाले होते, ऑफिसात दिलेलं तोंडी आश्वासन म्हणजे टेबलावरचा चहा, गार झाला की कप उचलून नेतात. सभागृहात मंत्री उभा राहून बोलला तर ते लिहिलं जातं, आणि लिहिलेलं कुणीतरी कधीतरी विचारतं.

पहिल्या लक्षवेधीला तेरा मिनिटं लागली होती. दुसरीला नऊ, तिसरीला अकरा. सरासरी अकरा. आता चौथी सुरू झाली होती, शामरावांची सातवी. म्हणजे एक वाजून चार मिनिटं, फार तर पाच इकडे, पाच तिकडे.

चौथी कुठल्याशा धरणाच्या कालव्याबद्दल होती. सदस्य तावातावाने बोलत होता, मंत्री मान हलवत होते. बारा चव्वेचाळीसला पांढऱ्या गणवेशातला शिपाई मधल्या वाटेने आला आणि त्याने शामरावांच्या हातात एक चिठ्ठी दिली. सकाळपासून त्यांना आलेली ती सातवी. लतिकाची पहिल्या एक-दोनांत असणार, सव्वादहाची होती ती. शामरावांनी चष्मा वर केला, चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. समोरच्या कामकाजाच्या कागदावर बोट फिरवलं, घड्याळाकडे पाहिलं. मग उठले, आसनाकडे मान लववली आणि दाराबाहेर गेले.

लतिकाने हिशेब केला. वीस मिनिटं होती.

चौथी बारा सेहेचाळीसला संपली. पाचवीचं नाव पुकारलं आणि पहिल्या बाकावरून कुणीतरी उठून सांगितलं की संबंधित मंत्री वरच्या सभागृहात आहेत. अध्यक्षांच्या जागी बसलेले तालिका अध्यक्ष म्हणाले, पाचवी मागे ठेवण्यात येत आहे. सहावीचे सदस्य उभे राहिले, म्हणाले की निवेदन मिळालं, समाधान झालं, मंत्रिमहोदयांचे आभार. आणि बसले.

लतिकाचे हात पुन्हा कठड्यावर गेले.

"लक्षवेधी क्रमांक सात," अध्यक्ष म्हणाले.

चौथ्या रांगेतला कडेचा बाक रिकामा होता. अध्यक्षांनी मान वर करून पाहिलं. शामरावांचं पूर्ण नाव पुकारलं. दार बंद होतं. दाराशी उभ्या असलेल्या शिपायाच्या मागे हिरवा पडदा होता आणि तो हलत नव्हता. सूचनेवर दुसऱ्या कुणाची सही नव्हती, म्हणजे त्यांच्या जागी कुणी बोलू शकणार नव्हतं. तिने शेजारच्या बाकावरच्या सदस्याकडे इतकं रोखून पाहिलं की त्याने मान वळवावी, उठावं, काहीतरी म्हणावं. तो पेन्सिलीने कागदाच्या कोपऱ्यात चौकोन काढत होता.

लतिका उभी राहिली.

"आहेत ते," ती म्हणाली. आवाज दोन रांगांपलीकडे गेला नसेल. "बाहेर गेलेत. येतील आत्ता."

खांद्यावर हात पडला. "बसा खाली. नाहीतर मला तुम्हाला न्यावं लागेल."

"दोन मिनिटं फक्त. त्यांना सांगा ना कुणीतरी."

"ताई, बसा." आता तो मॅडम म्हणत नव्हता. आवाज खाली आला होता. "इथून काही सांगता येत नाही. मलासुद्धा."

"सन्माननीय सदस्य अनुपस्थित," अध्यक्ष म्हणाले. "आज अधिवेशनाचा शेवटचा दिवस आहे. मंत्रिमहोदयांचे निवेदन सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात आले आहे, असे मानण्यात येईल. लक्षवेधी क्रमांक आठ."

टेबलाशी बसलेल्या दोघांनी ते लिहून घेतलं. बारा अठ्ठेचाळीस.

शामराव बारा त्रेपन्नला परत आले, जवळजवळ धावत. हातात चिठ्ठी तशीच होती. आठवीवर बोलणं चालू होतं. ते आपल्या जागेवर उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला, बराच वेळ तसाच ठेवला.

"आपला क्रमांक होऊन गेला," अध्यक्ष म्हणाले.

"अध्यक्ष महोदय, निवेदनातला आकडा चुकीचा आहे. मी आत्ताच—"

"उत्तर पटलावर आलेलं आहे. आपण खात्याला लिहून कळवावं. बसून घ्या, कृपया."

ते लगेच बसले नाहीत. चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, मग बसले. लतिकाने त्यांच्या बाजूची माणसं मोजायचा प्रयत्न केला. आकडा जुळेना.

खाली अभ्यागत कक्षात मॉड आँटी डबा बंद करत होती. चेहरा उजळलेला.

"आला होता ग तो, लती. स्वतः आला, माणूस नाही पाठवला. मला म्हणतो, माफ करा, चिठ्ठी आत्ता हातात पडली. बोल आता."

लतिका तिच्या बाजूच्या खुर्चीत बसली.

"फोटो बघितला बरोबर, बोटांनी मोठा करून. दोनदा बघितला. म्हणाला, बाईंनी लिहिलंय स्वतः बघा, तर बघतो. मग मी त्याला सिल्वेस्टरचा पण फोटो दाखवला. म्हटलं, बघ बाबा, ह्या खाटेखालीच ती फट. तो पण विचारत बसला ना, कधीपासून, काय औषध, कोण बघतं. असा कोण विचारतो आजकाल?" तिने फोन लतिकाच्या हातात दिला. "काय म्हणाला मग मिनिस्टर?"

"घरी जाऊन सांगते, आँटी."

टॅक्सीत मॉड आँटी मरीन ड्राइव्हकडे बघत सँडविच खात होती. एक तिने लतिकाच्या मांडीवर ठेवलं होतं. ठाकूरद्वारच्या सिग्नलला ते अजून तिथेच होतं, कागदात गुंडाळलेलं.

संध्याकाळी सहाला पहिल्या मजल्याच्या गॅलरीत सगळे जमले. कामावरून आलेले, स्वयंपाक अर्धा टाकून आलेले. बातमी आधीच आली होती. कामकाज कुणीतरी मोबाईलवर थेट पाहिलं होतं. हेमचंद्र आरामखुर्चीत बसले होते, पण पाठ न टेकता. ते म्हणाले की तीन आठवडे ह्या माणसाच्या ऑफिसात खेटे घातले, आणि ऐन वेळेला बाकावर माणूस नाही. कॅन्टीनला असेल. दुसरं काय असणार. खालच्या मजल्यावरची कमल म्हणाली की पुढच्या निवडणुकीत ह्याला वाडीत पाऊल टाकू द्यायचं नाही. दोघा-तिघांनी माना हलवल्या. कुणीतरी ह्याहून वाईट काही बोललं आणि कुणी हसलं नाही.

मॉड आँटी जिन्याच्या पायरीवर बसली होती. ती एकेकाचं तोंड बघत होती.

"कॅन्टीनला कुठे?" ती म्हणाली. "तो तर त्या वेळेला माझ्या—"

"मी बोलावलं होतं त्यांना बाहेर," लतिका म्हणाली.

सगळे वळले.

"चिठ्ठी मी पाठवली होती. त्यांनी फोटो बघावा म्हणून. बघितल्याशिवाय आकडा वापरू नका, असं मी लिहिलं होतं. ते फोटो बघायला गेले, तेवढ्यात नंबर पुकारला. त्यांना तिथे कुणी थांबवून ठेवलं नव्हतं. मीच लिहिलं होतं."

मॉड आँटीचा हात फ्रॉकच्या फुलांवरून सावकाश फिरत होता. मग तो थांबला. तिने लतिकाकडे पाहिलं.

वरच्या मजल्यावर सिल्वेस्टरच्या रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. कमल साडीच्या पदराला हात पुसत राहिली, ते केव्हाच कोरडे झाले होते. हेमचंद्रांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. चाळीस वर्षं त्यांनी आलेल्या प्रत्येक कागदावर तारीख आणि वेळ घातली होती. एखादा कागद चुकीच्या वेळी टेबलावर पोचला तर काय होतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"किती आहे आता?" त्यांनी विचारलं.

लतिकाने आतून व्हर्नियर आणला. हेमचंद्र टॉर्च घेऊन तिच्यामागे जिना चढले, त्यांच्यामागे बाकीचे. दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर तिने हात वर करून सगळ्यांना जिन्यातच थांबवलं, तुळईखाली गर्दी नको म्हणून. एकटे हेमचंद्र भिंतीला लागून पुढे आले आणि त्यांनी उजेड धरला. पेन्सिलीच्या खुणा दिसत होत्या. तिने जबडे फटीत घातले, उघडले, स्क्रू आवळला, वाचलं. सैल केलं. पुन्हा घातले. तिसऱ्यांदा घातले.

मग वही उघडून तिने तारीख लिहिली, वेळ लिहिली, सहा वाजून बावीस मिनिटं, आणि पुढच्या रकान्यात आकडा. तो तिने जिन्यातल्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला.

"तेरा पूर्णांक शून्य आठ."