पाहुण्यांचा कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. रंग राखाडी, लांबी गुडघ्यापर्यंत, आणि मालक असा कुणी एक नाही. मी पाहुण्यांचा कोट आहे. एका कारखान्यात माझ्यासारखे शेकडो एकाच दिवसात शिवले गेले. या घरच्या दादांना परदेशात नोकरी लागली, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी मला हौसेनं घेतलं. पाच वर्षं मिरवलं. मग त्यांचं पोट सुटलं, माझी बटणं लागेनात, आणि माझी रवानगी दारामागच्या खुंटीवर झाली.

तेव्हापासून मायदेशातून जो कुणी शनिवार-रविवार शहर बघायला येतो, त्याच्या अंगावर वहिनी मलाच चढवतात. दादांच्या आत्तेभावाचे व्याही, वहिनींच्या मावशीच्या जावेचा भाऊ. नाती अशी की सांगता सांगता धाप लागावी. कितीतरी घरांत परदेशचे फोटो लागले असतील. माणसं वेगळी, कोट मीच. पण "गरम आहे हो" यापलीकडे कुणी माझं कौतुक केलं नाही.

गेल्या हिवाळ्यात वहिनींच्या मावसबहिणीचे चुलत सासरे आले. हाडाचे शिंपी. मला घालताच त्यांनी खांद्याची शिवण चाचपली आणि म्हणाले, "बाही जरा मागे बसलीय." इतक्या वर्षांत माझ्याकडे असं कुणी पाहिलंच नव्हतं. त्या काकांवर माझा जीव जडला.

त्यांची मुलगी याच शहरात राहत होती. तिनं त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा "पुन्हा या घराची पायरी चढू नकोस" असं काकांनीच तिला सुनावलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. आता ते तिची माफी मागायला आले होते. हे मला ठाऊक, कारण माझ्या खिशात हात घालून, तिच्या पत्त्याच्या चिठ्ठीवरून बोट फिरवत ते सारखे पुटपुटत होते, "चुकलो गं पोरी, त्या दिवशी चुकलो." दादा-वहिनींना मात्र त्यांनी अवाक्षर सांगितलं नाही. लांबच्या नात्यातल्या माणसांपुढे घरचं दुखणं कसं उघडं करायचं, हा संकोच.

इकडे वहिनींनी पाहुणचारात कसूर नको म्हणून तासातासाचा बेत कागदावर लिहून ठेवलेला. शनिवारी पूल, किल्ला, संग्रहालय.

"काका, अजून कुठे जायचंय का?"

"छे छे, तुम्ही न्याल तिथे."

रविवारी मनोरा, बाग, बाजार. दादा फोटो काढत होते, काका "छान, छान" म्हणत होते. खिशातली चिठ्ठी घामानं मऊ पडली. शेवटी विमानतळाच्या गाडीला दोन तास उरले, तेव्हा त्यांनी ती बाहेर काढली.

"हे इथून लांब आहे का हो? ओळखीचं घर आहे."

"अहो काका, कालच्या संग्रहालयामागचीच गल्ली ही! कालच बोलायचं नाही का?" दादा म्हणाले.

तिघंही टॅक्सीनं गेले. तिसऱ्या मजल्यावर मुलीनं दार उघडलं. हातात ओलं फडकं. वडिलांना पाहून तिचा चेहरा उजळला, मी पाहिलं. काकांची छाती माझ्या अस्तराखाली धडधडत होती. आता बोलतील, आता बोलतील, म्हणून मी वाट पाहत होतो. पण पाठीशी दादा-वहिनी उभे होते.

"इकडूनच चाललो होतो," काका म्हणाले. "ही मंडळी शहर दाखवतायत."

मुलीनं दादांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"मग बघा शहर," ती म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

जिना उतरताना वहिनींनी विचारलं, "कोण हो त्या?"

"आमच्याकडचीच आहे एक," काका म्हणाले.

मित्रांनो, कोटाला ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका, असं मी खरं तर सांगायला हवं. ते राहू द्या. पाहुणा आला, तर तो कुणासाठी आलाय हे त्याला दोनदा विचारा. आणि तुम्ही पाहुणे झालात, तर पहिल्याच दिवशी सांगून टाका. माझं कुणी ऐकेल, अशी आशा मला नाही.

उन्हाळ्यात फोन आला, काका गेले. वहिनींच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या, "सगळं बघून झालं होतं त्यांचं."