पान कोणाकडे

या, असे पुढे सरका. खांबाआड बसू नका, ऐकणाऱ्याचा चेहरा दिसला की सांगणाऱ्याला बळ येतं. आज आख्यान देवादिकांचं नाही, पेणच्या कमळाकर म्हात्र्यांचं आहे, आणि त्यात मत्सर आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना तो कधी शिवलाच नाही त्यांनी खुशाल उठावं आणि प्रसाद घेऊन घरी जावं.

नाही ना उठलं कुणी? मग ऐका.

"सगळे तिला ताई म्हनायला लागलेत," कमळाकर म्हणाला. बशीतला चहा तसाच होता.

त्याची बायको जनी ओट्याशी वालाच्या शेंगा सोलत होती. "कोनाला?"

"त्या रोह्याच्या नम्रताला."

"मग बाईमानसाला काय दादा म्हनायचं?"

"तसं नाय गो. आदराचं म्हनतात. सगळ्यांदेखत."

"तुमाला पन दादा म्हनतात की."

"मला वयानं म्हनतात," कमळाकर म्हणाला, आणि चहा तसाच ठेवून उठला.

आता यातलं मूळ समजून घ्या. कमळाकर नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत शिफ्टला जायचा. दाब आणि तापमान दाखवणारी यंत्रं दुरुस्त करणं हे त्याचं काम. तिथे भिंतीवर लिहिलेली सूचना वाचल्याशिवाय कुणी साध्या चावीलाही हात लावत नाही. ही शिस्त त्याच्या अंगात मुरली होती. पुढे त्याने घरासाठी एक जुना संगणक घेतला आणि त्यावर 'अंगण' नावाची, संगणक चालवणारी प्रणाली बसवली. कुणाची मालकी नसलेली, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून घडवलेली, ज्याला हवी त्याने फुकट न्यावी अशी. कमळाकर हरखून गेला. असं काम म्हणजे देवळातली समई, ज्याने त्याने येता-जाता तेल घालावं.

पण या अंगणाची एक खोड होती. दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती येई. इथलं बटण तिथे जाई, कशाचं तरी नाव बदले. माहितीची पानं मात्र जुनंच सांगत राहिली, तर वाचणारा भलत्याच वाटेला लागे. म्हणून प्रत्येक पानाला एक राखणदार असे. नवी आवृत्ती आली की त्याने पानावरची प्रत्येक पायरी स्वतःच्या हातांनी करून बघायची, चुकलेलं दुरुस्त करायचं आणि तळाशी लिहायचं: तपासलं, अमुक अमुक. मराठीतलं सगळ्यात मोठं पान, म्हणजे 'अंगण कसं बसवावं', वर्षानुवर्षं कमळाकरकडे होतं.

कमळाकर कीर्तनाचा भारी वेडा. त्यामुळे पानही तसंच झालं होतं. आधी नमन, मग संगणक म्हणजे काय याचं निरूपण, मग दोन दृष्टांत, आणि घसा पुरता कोरडा पडल्यावर कुठे पहिली पायरी. पण एक खरं, वाटेतला एकही दगड सांगायचा राहिला नव्हता.

मग नम्रता आली. रोह्याच्या एसटी स्टँडजवळ तिचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान. तिला रोज दारात उभ्या माणसाला चटकन समजावायची सवय. तिने ते पान उलगडून नव्याने लिहिलं, एका कागदावर मावेल एवढं. छापा, संगणकाशेजारी ठेवा, वाचत वाचत करा. शाळांनी ते उचललं, ग्रंथालयांनी उचललं. महिन्याच्या ऑनलाइन बैठकीत संयोजक जितेश म्हणाला, "हे पान आता नम्रताताईंकडे देऊ या. आणि कमळाकरदादा तर आपला आधारस्तंभ. त्यांच्याकडे शब्दसूची."

शब्दसूचीचं पान कुणी उघडत नसे. कमळाकर "बरं" म्हणाला. पडद्यावर सगळे नम्रतासाठी टाळ्या वाजवत होते. त्यानेही वाजवल्या, पण तळवे एकमेकांना लागले नाहीत.

तेव्हापासून रोज कामावरून आला की हा माणूस हातपाय धुवायच्या आधी नम्रताचं पान उघडी. वाचायला नव्हे, चूक शोधायला. दाढेत अडकलेल्या सुपारीकडे जीभ जावी तसं त्याचं मन तिथेच जाई. एखादं वाक्य चांगलं दिसलं की त्याला जास्त दुखे.

"मेली दुकानदारीन," तो पुटपुटे.

"जेवान निवतंय," आतून जनी म्हणे. "तिनं काय तुमचं घर उचलून नेलंय?"

आणि मग नवी आवृत्ती आली.

कमळाकरने ती आपल्या जुन्या संगणकावर बसवायला घेतली. काही गरज नव्हती, पान त्याचं नव्हतं. तरी घेतली. एका जागी संगणक दोन पर्याय पुढे करतो. एक, आहे ते सामान, म्हणजे फोटो, गाणी, कागदपत्रं, जपून नवं बसवा. दुसरा, सगळं पुसून नवं बसवा. आजवर जपण्याचा पर्याय वर असे, पुसण्याचा खाली. या खेपेला कुणी तरी ते खालीवर केले होते. आता वर होता पुसण्याचा.

नम्रताच्या पानावर लिहिलं होतं: 'पहिला पर्याय निवडा. नंतर एक प्रश्न येईल, त्याला हो म्हणा.'

कमळाकरने ती ओळ पुन्हा वाचली. हात लगेच फोनवर गेला. 'नम्रता, पान ताबडतोब बदल, लोकांचं सामान पुसलं जाईल,' एवढं त्याने लिहिलंही. तेवढ्यात अंगणवाल्यांच्या गटावर जितेशचा निरोप झळकला: 'नव्या आवृत्तीचं पान नम्रताताईंनी सर्वांत आधी तपासून दिलं. त्यांना मनापासून टाळ्या!' आणि खाली टाळ्यांची रांग लागली.

त्याने ती रांग पाहिली. मग लिहिलेलं एकेक अक्षर मागे घेत पुसलं.

तपासलंय ना तिने? मग राहू दे. येईल कुणी तरी ओरडत. तेव्हा समजेल सगळ्यांना, पान कोणाकडे असायला हवं होतं ते.

त्या आठवड्यात पेणच्या देवळात कीर्तन होतं. कमळाकर नेहमीसारखा पुढच्या ओळीत बसला. बुवांचा आवाज लागला होता, पेटीवाला तयारीचा होता, मंडळी डोलत होती. याचं लक्ष मात्र खिशातल्या फोनकडे. आली का तक्रार? अजून कशी नाही? शेवटी बुवांच्या गळ्यात हार पडला आणि याची नजर त्या हारावरून हटेना. मंडळी, कीर्तनात बसून ज्याचा जीव दुसऱ्याच्या गळ्यातल्या हारात अडकतो, त्यालाही देव दिसतो, पण पाठमोरा.

तक्रार आली ती फोनवर, रविवारी सकाळी, आणि नम्रताच्याच तोंडून.

"दादा, तुमी रोह्याला येता का? आत्ता?" तिचा आवाज चिरकला होता. "माझ्या पानानं एका म्हाताऱ्या मानसाचं सगळं गेलंय. मला काय सुचत नाय. तुमच्याइतकं कोनालाच नाय येत यातलं."

याच शब्दांची कमळाकर आठवडाभर वाट बघत होता. आता ते आले, तर त्याने पुढचं ऐकायच्या आधीच गाडीची किल्ली उचलली.

तो मोटारसायकलने रोह्याला पोचला. नम्रताने दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं. तिचे डोळे सुजले होते.

"मी करून बघितलं होतं हो दादा. देवाशपथ. पन दुकानात सुटा पडलेला संगणक नवा कोरा. त्यात जपायला काय नव्हतंच. मग त्यानं दुसरा पर्याय दाखवलाच नाय. एकच दिसला, तो मी दाबला आनि लिवलं तपासलं म्हनून. भरलेल्या संगणकावर बघायला पायजे होतं."

"कोन मानूस?"

"नदीपल्याड अष्टमी गावचे रूबेनकाका. पान माझ्याच दुकानातून छापून नेलं. काल बंद संगणक रिक्षात घालून आनला नि मला म्हनाले, बाय, यात हन्ना कुठं गेली बघ गो."

हन्नाबाई रूबेनकाकांची बायको. तिकडच्या इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू घरांतून पूर्वी मराठी कीर्तनं होत, जुन्या करारातल्या गोष्टींची, साकी-दिंडीच्या चालींत बांधलेली. हन्नाबाई ती उभी राहून गात. कुटुंबं एकेक करून इस्रायलला गेली, गाणारं कुणी उरलं नाही. तिचं गाणं कधी तरी कॅसेटवर घेतलेलं होतं. मुलगा जोशुआ परदेशी जायच्या आधी त्याने ते संगणकावर चढवून दिलं, बुरशी धरलेल्या कॅसेटी टाकून दिल्या आणि म्हणाला, पुढच्या खेपेला माझ्यासाठी याची प्रत घेऊन जाईन. ती खेप अजून यायची होती. हन्नाबाई तर केव्हाच गेल्या.

कमळाकरने सगळे उपाय करून पाहिले. पुसलेल्यातून परत काढणारी साधनं त्याला ठाऊक होती, ती एकेक चालवली. दुपारपर्यंत वर आली ती विजेची बिलं, रेशनकार्डाचा फोटो आणि जोशुआच्या लग्नाची अर्धी पत्रिका. गाण्याच्या जागी नवी प्रणाली ऐसपैस पसरून बसली होती.

"चला," नम्रता म्हणाली. "मलाच सांगायला पायजे त्यांना."

कुंडलिकेचा पूल ओलांडून दोघं अष्टमीला आली. गाडी लावताना कमळाकरचा फोन वाजला. जितेशचा निरोप होता: 'नम्रताने सकाळीच राजीनामा दिला आहे. बसवण्याचं पान आजपासून पुन्हा तुमच्याकडे. तुमच्यासारखं काळजीपूर्वक कुणी करत नाही, दादा.'

मिळालं. जे हवं होतं ते मिळालं. काकांच्या अंगणात उभं राहून त्याने तो निरोप दोनदा वाचला.

रूबेनकाकांनी दार उघडलं. उंच, वाकलेला माणूस, डोक्यावर गोल टोपी. चौकटीवरच्या मेजुजाला, म्हणजे धर्मवचनं ठेवलेल्या डबीला, बोट लावून ते आत वळले. "या. काळा चा चालंल ना? दूध नाय आनलंय."

नम्रता उभ्या उभ्याच बोलली. "काका, नाय सापडलं. माझ्या हातून चूक झाली. मी पान नीट..."

"बस गो आधी."

"चूक माझी..."

"तिची नाय," कमळाकर म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. गेला आठवडाभर. मी स्वतः करून बघितलं, मला दिसलं. तिला कळवायला लिवलं नि पुसून टाकलं."

नम्रताला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. "म्हंजे तुमी बघत बसला होतात?"

"व्हय."

"कशाची वाट बघत होतात, दादा?"

"तुझं नाव खाली येन्याची."

 ती ओढणी सावरून बाहेर गेली आणि ओटीवर पाठ फिरवून बसली. नंतर कामापुरतं ती त्याच्याशी बोलायची, पण दादा मात्र तिने त्याला पुन्हा म्हटलं नाही.

कमळाकरने तिथेच उभ्या उभ्या गटावर सगळं लिहिलं, घडलं तसं, आणि खाली लिहिलं की पान नम्रताकडेच राहावं, शब्दसूची मी सांभाळतो. मग मान खाली घालून उभा राहिला. म्हाताऱ्याने दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

रूबेनकाकांनी चहाचे पेले मांडले. बराच वेळ चमचा ढवळत राहिले.

"हन्ना पन जळायची," ते म्हणाले. "मुंबईच्या एका बाईवर. तिचा गळा म्हनं साखरेचा. ही घरी येऊन भांडी आपटायची. मी म्हटलं, गो, तुझा काय कमी हाय? तर म्हनाली, तुमाला काय कळतंय, तुमी मागं झांजवाले."

"तुमाला ते कीर्तन येतं?" कमळाकरने हळूच विचारलं.

"मला धृपद येतं. मी मागं उभा ऱ्हायचो ना. कडवं तिनं म्हनायचं, धृपद आमी धरायचं. कडवी शिकायची गरजच कदी पडली नाय. ती व्हती."

ते उठले. कपाटावरून झांजांची जोडी काढली, सदऱ्याला पुसली. मोशे बाळाला आईने लव्हाळ्यांच्या टोपलीत घालून नदीत सोडलं, ते आख्यान. म्हातारा खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. पुढे जागा रिकामी ठेवली. जाड, थोड्या बेसूर आवाजात त्यांनी धृपद उचललं:

"सांभाळ सांभाळ देवा, पाण्यावरलं बाळ..."

आणि थांबले. तोंड मिटलं, पण झांजेचा ठेका सुटला नाही. डोळे पुढच्या रिकाम्या जागेवर. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी. जिथे हन्ना श्वास घेई तिथे ते मान हलवत होते. जिथे कडवं संपलं असतं त्या ठिकाणी त्यांनी बरोबर पुन्हा धृपद उचललं.

पुढच्या खेपेला कमळाकर जागचा हलला आणि त्यांच्याशेजारी, मागे, जाऊन उभा राहिला. धृपद आलं तेव्हा त्याने आवाज मिळवला, त्यांच्यापेक्षा हळू. मग दोघेही गप्प राहिले, पूर्ण कडवंभर, ठेका धरून. बाहेर ओटीवर नम्रता तशीच बसली होती. तिची पाठ हलत नव्हती.

एवढंच आहे, मंडळी. कमळाकरला विसरलात तरी चालेल. पण इथून उठाल, घरी जाल, देवाला हात जोडाल, तेव्हा अष्टमीच्या हन्नाबाईंची आठवण ठेवा. त्यांचं गाणं तुम्ही ऐकलं नाहीत, मीही नाही. तरी ठेवा.