तेरावे उद्दिष्ट

आमच्या तालुक्यातील एका महाविद्यालयात 'श्रम व रोजगार संबंध' हा नवा पदवी अभ्यासक्रम सुरू व्हायचा होता. त्याची अध्ययन उद्दिष्टे ठरवणाऱ्या समितीचा सचिव म्हणून प्राचार्यांनी मला नेमले. नेमणूक योग्यच होती. बेळगावातून स्थापत्य पदविका घेऊन मी गणेशगुडीला एका ठेकेदाराकडे तेहतीस वर्षे पर्यवेक्षक होतो. हजेरी, रजा, सुरक्षा, तक्रार हे सगळे माझ्या सहीशिवाय पुढे जात नसे. समितीचे काम संपले की प्रात्यक्षिकाचा वर्गही आपल्यापैकीच एका अनुभवी सदस्याला देऊ, असे प्राचार्य म्हणाले होते. निवृत्तीनंतरची नऊ वर्षे मी रामनगरच्या घरात शेजाऱ्यांचे पंखे दुरुस्त करण्यात घालवली होती. मला तो वर्ग हवा होता.

मी बारा उद्दिष्टे लिहिली. प्रत्येकात एकच क्रियापद, आणि त्याची परीक्षा घेता येईल असे. 'विद्यार्थ्याला कामगारांच्या हक्कांची जाणीव होईल' असे मी लिहिले नाही. जाणीव झाली की नाही, हे तपासणार कसे? 'वेतनचिठ्ठीतील प्रत्येक कपातीचे कारण विद्यार्थी सांगेल' असे मी लिहिले.

अभ्यासक्रमाची जबाबदारी पूर्णिमा या तरुण प्राध्यापिकेकडे होती. तिने मसुदा वाचला. "सर, फार नेटका आहे," ती म्हणाली, आणि लगेच पुढे म्हणाली, "आता गुंद गावच्या उमाजीकाकांनाही समितीत घेऊ या."

उमाजी हा माझ्याच हाताखालचा मुकादम. शाळा दुसरीपर्यंत. मी शिट्टी वाजवली की माणसे उठून उभी राहत. उमाजीने तंबाखू मळता मळता नुसते कामाकडे पाहिले की ती कामाला लागत. हा फरक मला तेव्हाही दिसत होता. अलीकडे नदीवरच्या बोटींची पोरे आणि लॉजचे मालक यांच्यातली भांडणे तोच मिटवी. एका लॉजमधला आचारी काढून टाकला म्हणून बाकीच्यांनी काम थांबवले, तेव्हा उमाजी म्हणे दोन तास स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून कांदे चिरत होता. तिसऱ्या तासाला आचारी कामावर परत आला. ही हकीकत पूर्णिमाला तोंडपाठ होती.

पहिल्या बैठकीत उमाजी काय बोलला? "मालकाला आधी बोलू द्यावं. त्याला दम लागला की मंग आपलं." सगळे हसले. प्राचार्य डोळे पुसत होते. माझ्या बारा उद्दिष्टांवर पूर्णिमाने दोन ठिकाणी पेन्सिलीने खूण केली होती. त्याच्या गप्पांनी मात्र तिच्या वहीची चार पाने भरली. मी ती मोजली.

निघताना उमाजी माझ्याजवळ आला. "सायेब, म्होरली बैठक बुधवार सोडून कवाबी ठेवा. बुधवारी माझ्या शेतात लावणी हाय. सावड हाय."

सावड म्हणजे काय ते मला कुणी सांगण्याची गरज नव्हती. ठरलेली घरे पाळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबतात. दुसऱ्यांचे हात आपल्या चिखलात असताना मालकच गैरहजर, असे गुंदमध्ये कधी होत नाही.

सूचनापत्र काढणे हे सचिवाचे काम. मी बुधवार लिहिला. वेळ अकरा. खाली 'सर्व सदस्यांच्या सोयीचा विचार करून' असेही लिहिले आणि सही केली.

बुधवारी आम्ही चौघे जमलो. मी एकेक उद्दिष्ट वाचत होतो, संमत होत होते. पूर्णिमाने दोनदा दाराकडे पाहिले. एक वाजेपर्यंत नऊ झाली. दहावे वाचायला मी चष्मा पुसला, तोच दारात उमाजी उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि तो वाळत आलेला.

"झालं का सायेब, का माझ्यासाठी थांबलासा?"

"काका, आज लावणी होती का तुमची?" पूर्णिमा उठलीच. "टाकून आलात?"

"टाकून कसा यीन? झाली की. काल सावडीतल्या तुळजाबाईला म्हटलं, उद्या कालेजात बैठक हाय. ती म्हणली, मंग उजाडताच उतरू. आमची चार घरं ठरल्याली. आज सात आली."

"तुम्ही बोलावलंत त्यांना?"

"मी न्हाई. तुळजाबाई बोलली आसंल. मला इचारलं आसतं तर मी नगं म्हटलं आसतं. आता त्या तीन घरांत मला जावं लागंल, ह्या वयात." त्याने खुर्चीकडे पाहिले, मग आपल्या पायांकडे, आणि दाराशीच फरशीवर बसला.

प्राचार्य माझ्याकडे वळले. "नागेशराव, तारीख तुम्ही काढलीत. यांना विचारलं नव्हतं?"

या प्रश्नाची तीन उत्तरे मी आदल्या दिवशीच तयार ठेवली होती. ती बाजूला ठेवून मी कागद सारखे केले.

"इचारलं हुतं की," उमाजी म्हणाला. "मीच म्हटलं बुधवार चालंल. लावणीचं डोस्क्यातच न्हाई ऱ्हायलं. वय झालं, सर."

माझ्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. पूर्वी एकदा पाइपाचे माप मी चुकीचे सांगितले होते, आणि मोठ्या साहेबांसमोर त्याने ते असेच स्वतःवर घेतले होते. तेव्हा मी मनाशी म्हटले होते, नोकरीची भीती. आता त्याला माझी कसली भीती होती?

पूर्णिमाला यातले काही कळले नाही. ती भलत्याच आनंदात होती. "सर, ती तीन घरं का आली, हे विद्यार्थ्याला शोधता आलं पाहिजे. तेरावं उद्दिष्ट म्हणून लिहा ना."

"हे तपासता येणार नाही," मी म्हणालो. माझा आवाज गरजेपेक्षा मोठा होता.

"येतंय की, सायेब," उमाजी म्हणाला. "कोण आलं त्येला इचारून काय मिळत न्हाई. त्यो म्हणतो, आलो आपला. जो आला न्हाई त्येच्या घरी जायाचं. च्या प्यायचा. मंग इचारायचं. पर च्या आधी. न्हाईतर मार खाशीला."

पुन्हा सगळे हसले. मी लिहिले: 'ठरलेल्या कामाला न आलेल्या व्यक्तीच्या घरी जाऊन विद्यार्थी तिचे कारण विचारील व ते तिच्याच शब्दांत नोंदवील.' क्रियापदे दोन झाली होती, पण दोन्ही तपासता येणारी. माझ्या बारांपेक्षा ते चांगले होते. अक्षर माझे होते, एवढेच.

शेवटी प्राचार्यांनी वर्गाचा विषय काढला. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "उमाजी, प्रात्यक्षिक तुम्हीच घ्याल का?"

मी पेनाला टोपण लावले.

"मला खडू धरता येत न्हाई, सर. नागेशसायबांस्नी द्या. पाना कसा धरायचा, ते मला त्येंनीच शिकवलं. रागावत्यात, पर शिकवत्यात."

असा तो वर्ग मला मिळाला. नको म्हणावे, असे क्षणभर वाटले. मी नको म्हणालो नाही. दर शुक्रवारी, दोन तास.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "उमाजी, ती तारीख..."

"व्हय, ठावं हाय," तो म्हणाला. "हितं पाय धुवायला पाणी कुठं हाय, सायेब?"

मी त्याला इमारतीमागचा नळ दाखवला. तो वाकून चिखल सोडवत राहिला, आणि मी शेजारी फाइल धरून उभा राहिलो. पूर्णिमा दोन कप चहा घेऊन आली. पहिला तिने त्याच्यापुढे धरला.