शेवटी एक खोट

तस्नीमचं परीक्षण सकाळपासून शेवटच्या ओळीवर अडलं होतं. हेरकथा असो, खुनाची असो की पेशवाईतल्या दरोड्याची, शेवटी ती 'एक खोट' दाखवायचीच. तिच्या पेजवर वाचक आधी तीच ओळ शोधायचे.

ही हेरकथा मात्र तिला बसू देईना. लेखकाचं नाव टोपण, आणि त्यातल्या हेराची परवलीची खूण अशी:

जा गो होडी ओहोटीला, ये गो होडी भरतीला,
दिवा माझ्या ओटीला.

ही ओवी अम्मीनं स्वतः जुळवलेली, श्रीवर्धनच्या घरात, तस्नीम आणि तिचा भाऊ फहाद यांना निजवताना. घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. फहाद अब्बांशी भांडून गेला, तो गेलाच. पुढे अब्बा वारले, मायलेकी गावचं घर बंद करून खारघरला आल्या.

"अंगात मुंग्या भरल्यात काय गो?" कोलंबी सोलता सोलता अम्मी म्हणाली. "मुडदे वाचून वाचून भूत झालीस."

"सातव्या मजल्यावर भूत लिफ्टनं येतं, अम्मी."

"येऊ दे. दाराबाहेर बल्ब हाय."

तो बल्ब भर दुपारीही जळायचा. सोसायटीचे हितेशभाई दर मीटिंगला टोमणे मारायचे, अम्मी ढिम्म.

सांगावं हिला? आणि हा लेखक फहाद नसलाच तर? मागे पनवेलच्या बाजारात कुणाची तरी पाठ बघून अम्मी हाका मारत धावली होती. नंतर किती दिवस धड जेवली नाही.

तस्नीमनं शेवटचं पान पुन्हा उघडलं. हेर गावी येतो, लांबूनच ओटीवर अंधार बघतो, आल्या पावली माघारी फिरतो. म्हणजे तो येऊन गेला होता. बंद घर बघून.

शेवट फोडायचा नाही, हा तिचाच नियम. तिनं तो मोडला.

'एक खोट: लेखकानं लांबूनच पाहिलं, म्हणून चुकला. घर बदललं, खारघरच्या इमारतीत ओटी राहिली नाही. दिवा चालू आहे.'

पोस्ट पडताच वाचक तुटून पडले. "ताई, सस्पेन्सचा पार खून केलात!" ती उठे, बसे, फोन पालथा ठेवी, पुन्हा उचले. ऊन बाल्कनीतून सरकलं. मग लेखकाच्या नावानं एक ओळ उमटली.

'खोट मान्य. मजला कितवा?'

इमारतीचं नाव आणि 'सातवा' एवढं टाइप करायला तिला तीनदा खोडावं लागलं.

"अम्मी, कोलंबी पुरेल?"

"दोघींना? उरेल."

"तिघांना?"

अम्मीचे हात थांबले.